लेकराचं गणित सोडू नका

सडक अर्जुनी तालुक्यातल्या मायबापांनो, ज्यांच्या घरी न दिसणारं किंवा फारच कमी दिसणारं लेकरू आहे, त्यांच्याशी आज मला एकाच विषयावर बोलायचं आहे. तो विषय म्हणजे गणित.

“वाचायला शिकू द्या, गाणं शिकू द्या, पण गणित शिकून का करायचं जी?” हा प्रश्न घराघरातून येतो आणि तो मायेपोटीच येतो, हे मला ठाऊक आहे. पोराला आधीच एवढं सोसावं लागतं, त्यात गणिताचा ताप कशाला, असं तुम्हाला वाटतं. शाळेतही पुष्कळदा अशीच माया दाखवली जाते. फळा दिसत नाही, आकृती दिसत नाही, तर तोंडी विचारू तेवढं पुरे. पाढे पाठ होतात, बेरीज-वजाबाकी तोंडी जमते, चौथीपर्यंत सगळं बरं चालतं. मग अपूर्णांक येतात, लांबलचक गुणाकार येतात आणि पोर मागे पडायला लागतं. “डोळे नाहीत, म्हणून गणित जमलं नाही,” असं सगळे म्हणतात आणि पोरही तेच मानतं. पण बहुतेक वेळा त्याला गणित लिहायला आणि आपण लिहिलेलं पुन्हा वाचायला कुणी शिकवलेलंच नसतं. तोंडी गणितावर कुणाचाच निभाव फार पुढे लागत नाही. डोळस मुलांच्या हातातली वही काढून घ्या, सातवीच्या वर्गात किती जण तग धरतील?

तेंदूपत्त्याच्या हंगामात तुम्ही पहाटे जंगलात जाता, पानं आणता आणि दुपारी ओसरीवर बसून पुडकी बांधता. एका पुडक्यात सत्तर पानं. बोलता बोलता, लेकराला हाक मारता मारता, चुलीकडे बघता बघता तुमची बोटं पानं मोजत असतात. फळीवर पुडकं उलगडून बघितलं तरी मोजणी चुकत नाही. त्या वेळी मोजायचं काम डोळे करत नाहीत, बोटं करतात. तुमच्या न दिसणाऱ्या पोराला त्या ओसरीवर शेजारी बसवा. पाच-पाचच्या जुड्या लावायला सांगा. सत्तरात पाचाच्या किती जुड्या, दहाच्या किती, आणि बारा-बाराच्या लावल्या तर उरतात किती? भागाकार आणि बाकी यांचा याहून चांगला पहिला धडा मला तरी माहीत नाही.

अशा धड्यांची न दिसणाऱ्या पोराला जास्त गरज का असते, तेही सांगते. डोळस मूल शाळेत जायच्या आधीच हजारो आकडे बघून बसलेलं असतं. भिंतीवरचं कॅलेंडर, मोबाईलचे आकडे, एसटीच्या पाटीवरचा नंबर, कोहमाऱ्याच्या चौकातले ट्रक, सौंदडच्या स्टेशनावरचा फलाट. कुणी मुद्दाम शिकवत नाही, पण ते शिकतं. न दिसणाऱ्या मुलापर्यंत यातलं काहीच आपोआप पोचत नाही. त्याच्या हातात कुणीतरी आणून द्यावं लागतं. पहिलीत ते मागे दिसतं, तेव्हा त्याच्या बुद्धीबद्दल शंका घेऊ नका. त्याला इतरांच्या निम्म्याही वस्तू मोजायला मिळालेल्या नसतात, एवढाच त्याचा अर्थ.

म्हणून घरातली मोजमापं त्याच्या हाताखालून जाऊ द्या. धान मोजताना पायली त्याला भरू द्या आणि रिकामी करू द्या. बांधीच्या धुऱ्यावरून त्याला चालवत न्या. लांबीची पावलं किती, रुंदीची किती, सगळा फेरा किती झाला, हे त्यानं स्वतः चालून सांगावं. परिमिती हा शब्द पुस्तकात येईल तेव्हा त्याचे पाय तो आधीच ओळखत असतील. जेवणाच्या थाळीच्या कडेला सुतळी गुंडाळा, जेवढी लागली तेवढी तोडा आणि मग ती थाळीच्या मधोमध आडवी ठेवून मोजायला सांगा. तीन वेळा ठेवली तरी थोडी उरते. हंड्याच्या तोंडावर करा, टोपलीवर करा, दर वेळी तीन आणि वर थोडी. वर्तुळाचा परीघ व्यासाच्या तिपटीहून थोडा जास्त असतो, हे त्याच्या हातांनी शोधलेलं असेल आणि ते तो विसरणार नाही.

पैशांचंही तसंच. नव्या मालिकेतल्या शंभर, दोनशे आणि पाचशेच्या नोटांवर कडेला उठावदार तिरप्या रेषा आहेत. शंभरावर चार, पाचशेवर पाच आणि दोनशेवर चार रेषांच्या जोडीला दोन लहान वर्तुळं. नोट जुनी झाली की हा उठाव झिजतो, म्हणून सुरुवात कोऱ्या नोटेवर करा. वीस रुपयांचं नाणं बारा कोनांचं आहे, ते बोटाला लगेच कळतं. बाजाराच्या दिवशी भाजीवाल्याला पैसे पोराला देऊ द्या, उरलेले त्यालाच मोजून घेऊ द्या. वेळ लागेल. मागचा माणूस कुरकुर करेल. करू दे.

आता ब्रेलकडे वळू. लुई ब्रेल हा फ्रान्समधला मुलगा, १८०९ साली जन्मलेला. तिसऱ्या वर्षी वडिलांच्या कारखान्यात चामड्याला भोकं पाडायच्या आरीनं त्याचा डोळा दुखावला आणि पुढे दोन्ही गेले. १८२४ च्या सुमारास, जेमतेम पंधराव्या वर्षी, त्यानं सहा टिंबांची लिपी बसवली. दोन उभ्या ओळी, प्रत्येकीत तीन टिंबं. डाव्या ओळीतली वरून खाली १, २, ३ आणि उजवीतली ४, ५, ६. आपल्या देशात १९५१ मध्ये भारती ब्रेल ठरली आणि मराठीसह सगळ्या भारतीय भाषा त्याच सहा टिंबांवर आल्या.

घाबरू नका, यातलं थोडं तुम्हीही शिकू शकता. तुम्हाला बोटांनी वाचायची गरज नाही, ब्रेलची टिंबं डोळ्यांनीही वाचता येतात. साध्या ब्रेलमध्ये आकड्यांसाठी वेगळ्या खुणा नाहीत. आधी अंकचिन्ह द्यायचं, म्हणजे ३, ४, ५, ६ ही टिंबं, आणि त्यापुढे अक्षर. अंकचिन्हानंतर ‘अ’ आला तर १, ‘ब’ आला तर २, ‘च’ आला तर ३, ‘द’ आला तर ४, ‘ए’ आला तर ५. पंचवीस लिहायचे तर अंकचिन्ह, ब, ए. अशी दहा अक्षरं आली की शून्यापर्यंतचे सगळे अंक तुमचे झाले. दोन-चार संध्याकाळी बसलात तर येतील.

पण बीजगणित आलं की हे अपुरं पडतं. तिथं आकडे आणि अक्षरं शेजारीशेजारी उभी असतात. मग हा ‘अ’ म्हणजे अक्षर की एक? हा गुंता न्यूयॉर्कच्या एका माणसानं सोडवला. अब्राहम नेमेथ १९१८ मध्ये जन्मला, जन्मापासून अंध. त्याला गणित शिकायचं होतं, सल्लागारांनी सांगितलं की अंध माणसानं गणिताच्या वाटेला जाऊ नये. म्हणून त्यानं मानसशास्त्राची पदवी घेतली, पण गणित काही सोडलं नाही. शेवटी तो गणिताचा प्राध्यापक झाला आणि डेट्रॉइटच्या विद्यापीठात त्यानं कितीतरी वर्षं डोळस विद्यार्थ्यांना शिकवलं. स्वतःला लिहायची अडचण येत होती, म्हणून त्यानं गणितासाठी वेगळी ब्रेल मांडणी तयार केली. ती १९५२ मध्ये प्रसिद्ध झाली. आज आपल्याकडेही ब्रेल गणित म्हटलं की नेमेथ कोड हेच नाव पुढे येतं.

त्यानं केलं काय? अंकांचे आकार तेच ठेवले, फक्त एक पायरी खाली उतरवले. एकाचं टिंब १ वर होतं, ते २ वर आलं. दोनाची टिंबं १ आणि २ होती, ती २ आणि ३ झाली. अक्षरं वर, अंक खाली, आता घोळ उरला नाही. अधिक, उणे, गुणिले, बरोबर, वर्गमूळ, घातांक, प्रत्येकाला स्वतःची खूण मिळाली. अधिकाची टिंबं ३, ४, ६ आणि उण्याची ३, ६.

या खुणांचं मोल कळायला एक उदाहरण बघा. मोठ्यानं म्हणा: “एक छेद दोन अधिक तीन.” आता सांगा, किती झाले? अर्धा अधिक तीन, म्हणजे साडेतीन? की छेदातच दोन अधिक तीन आहेत, म्हणजे एक पंचमांश? कानाला दोन्ही एकच ऐकू येतं. कागदावर बघणाऱ्याला अपूर्णांकाची आडवी रेघ कुठवर आहे ते दिसतं, म्हणून त्याला प्रश्न पडत नाही. नेमेथच्या ब्रेलमध्ये अपूर्णांक सुरू होताना एक खूण, मध्ये रेघेची खूण आणि संपताना आणखी एक खूण असते. पोराचं बोट संपायच्या खुणेवर आलं की त्याला कळतं, अधिक तीन हे अपूर्णांकाच्या बाहेर आहेत की आत. मोबाईलवर ऐकून शिकण्याच्या आजच्या काळात हे मला फार महत्त्वाचं वाटतं. ऐकून गोष्ट कळते, इतिहास कळतो. समीकरण हाताखाली असावं लागतं, मागे जाऊन पुन्हा चाचपावं लागतं.

मग आकडेमोड कशावर करायची? ब्रेल पाटीवर कागद अडकवतात आणि कलमानं मागच्या बाजूनं टोचतात. त्यामुळे लिहायचं उजवीकडून डावीकडे आणि कागद उलटून वाचायचं डावीकडून उजवीकडे. वाक्य लिहायला याची सवय होते. पण सत्तेचाळीस गुणिले छत्तीस करायचे तर? आधी दोनशे ब्याऐंशी, त्याखाली एक हजार चारशे दहा, मग दोघांची बेरीज सोळाशे ब्याण्णव. मधली ओळ वाचायची तर दर वेळी कागद काढा, उलटा, पुन्हा बसवा. हातचा कुठे गेला ते कळायच्या आत कंटाळा येतो. मला वाटतं, गणित नकोसं होण्याचं मोठं कारण हेच असतं. पोराला चुकीचं साधन दिलेलं असतं.

त्यासाठी टेलर फ्रेम आहे. चांदणीसारख्या आठ कोनांच्या भोकांची पाटी आणि त्यात बसणारे छोटे धातूचे टाइप. टाइपाच्या एका टोकाला उठावाची रेघ, दुसऱ्या टोकाला दोन टिंबं. एकच टाइप आठ दिशांना फिरवता येतो आणि उलटाही करता येतो, म्हणून त्यातून सोळा खुणा निघतात. सगळे अंक आणि वर चिन्हं. ओळीखाली ओळ, एककाखाली एकक, अगदी वहीत मांडतो तसा गुणाकार मांडता येतो. मांडलेला हात फिरवून तपासता येतो, चुकलं तर तेवढा टाइप उचलून बदलता येतो. अशा पाटीची कल्पना जुनी आहे. इंग्लंडमधला निकोलस सॉन्डरसन वर्षाचा असताना देवीच्या आजारात अंध झाला. त्यानं भोकांच्या पाटीवर टाचण्या रोवून हिशेब करायची स्वतःची रीत बसवली आणि १७११ मध्ये तो केंब्रिजला गणिताचा प्राध्यापक झाला. त्या जागेवर त्याच्या आधी काही वर्षं न्यूटन होता.

दुसरं साधन अबॅकस. अंध मुलांच्या अबॅकसमध्ये मण्यांच्या मागे मऊ अस्तर असतं, त्यामुळे हात फिरवला तरी मणी घसरत नाहीत. दर दांडीवर वरचा एक मणी पाचाचा, खालचे चार एकेकाचे. सराव झाला की पोरं त्यावर इतकी भराभर बेरीज करतात की कागद-पेन्सिलवाला मागे राहतो. पण अबॅकसवर पायऱ्या उरत नाहीत, फक्त उत्तर उरतं. म्हणून फ्रेमही हवी आणि लिहिणंही हवं.

भूमितीसाठी रबरी चटईवर कागद ठेवून दातेरी चाक फिरवतात. कागदाच्या मागच्या बाजूला टिंबांची रेघ उठते. आकृती आरशातल्यासारखी उलटी येते, हे ध्यानात ठेवून ती काढावी लागते. उठावाचे आकडे असलेली मोजपट्टी आणि कोनमापकही मिळतात. घरी काहीच नसेल तर पुठ्ठ्यावर डिंकानं सुतळी चिकटवा, त्रिकोण तयार होतो. एका आकृतीत एकच गोष्ट दाखवा, सगळं एकदम भरलं तर बोटांना काही उमगत नाही.

“पण आम्हीच अडाणी, आम्ही का शिकवणार?” असं म्हणणाऱ्या मायमाऊलींना मला एका आईबद्दल सांगायचंच आहे. रशियातल्या लेव पोंत्र्यागिनची आई, तात्याना. ती शिवणकाम करायची. १९२२ च्या सुमारास, लेव चौदा वर्षांचा असताना, स्टोव्हचा स्फोट झाला आणि त्याचे डोळे गेले. त्याला गणितच शिकायचं होतं. आईला उच्च गणिताचं काहीही येत नव्हतं, तरी ती त्याला गणिताची पुस्तकं वाचून दाखवू लागली. चिन्हांची नावं माहीत नव्हती, म्हणून ती दिसतील तशी सांगायची. संचांच्या एका चिन्हाला शेपट्या वर, दुसऱ्याला शेपट्या खाली. मुलाला अर्थ कळायचा, तिला कळला नाही तरी चालायचं. तो मुलगा विसाव्या शतकातल्या मोठ्या गणितज्ञांपैकी एक झाला. तिनं शिकवलं नाही, वाचून दाखवलं. तेवढं तुम्हालाही जमेल. तुम्हाला वाचता येत नसेल तर मोठ्या भावंडाला जमेल. पुस्तकात जसं लिहिलंय तसं, कंस कुठे उघडला, कुठे मिटला, छेदाची रेघ कुठवर गेली, हे न गाळता सांगायचं.

आता एक नाजूक गोष्ट. दहावीला दिव्यांग मुलांसाठी नेहमीच्या गणिताऐवजी खालच्या इयत्तेचं अंकगणित घ्यायची सवलत आहे. काही मुलांना तिची खरोखर गरज असते, त्यांनी ती जरूर घ्यावी, त्यात कमीपणा नाही. पण पोर पाचवीत असतानाच “याला काय, सवलत मिळणार आहे” असं ठरवून टाकू नका. ती सवलत घेतली की पुढे विज्ञानाची वाट बंद होते, वाणिज्यात अडखळायला होतं. बँकेच्या भरतीच्या परीक्षेतही अंकगणिताचा पेपर असतोच. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं सरकारी नोकऱ्यांत चार टक्के जागा दिव्यांगांसाठी ठेवल्या आहेत, त्यातला एक टक्का अंध आणि अल्पदृष्टी असलेल्यांसाठी. त्या जागेपर्यंत पोचायचं तर शेकडेवारी, सरासरी, व्याज यायला हवं. सवलतीचा निर्णय नववीत, पोराला विचारून घ्या.

लेखनिक घेऊन पेपर द्यायचा तर त्याचाही सराव लागतो. पायरीपायरीनं स्पष्ट सांगणं, सांगितलेलं परत वाचून घेणं, मनात मांडणी धरून ठेवणं, हे सगळं आठवीपासून घरच्या घरी करता येतं. परीक्षेत तासाला किमान वीस मिनिटं जादा मिळतात, ती याच कामाला लागतात.

थोडंफार दिसणाऱ्या मुलांबद्दल एवढंच सांगते की आधी डोळ्यांची नीट तपासणी करून घ्या. काहींना मोठे ठसे, भिंग आणि चांगला उजेड पुरतो. नजर हळूहळू कमी होत जाणारा आजार असेल तर मात्र दिसतंय तोवरच ब्रेल सुरू करा.

आपल्या भागातून नागपूरच्या किंवा वरोऱ्याजवळच्या आनंदवनातल्या अंध विद्यालयात लेकराला ठेवायचं की गावच्या शाळेत, हा प्रत्येक घराचा निर्णय आहे. मी एकाच्या बाजूनं बोलणार नाही. निवासी शाळेत ब्रेल आणि साधनं रोज हाताशी असतात. गावच्या शाळेत घर आणि सोबती असतात, पण ब्रेल जाणणारे विशेष शिक्षक अनेक शाळा फिरत येतात, त्यामुळे मधले दिवस तुम्हाला आणि वर्गशिक्षकांना भरून काढावे लागतात. कुठेही ठेवलंत तरी एक प्रश्न नक्की विचारा: माझं पोर गणित लिहितं का, की फक्त तोंडी सांगतं?

कायद्यानं चाळीस टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलांना सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे, पुस्तकं आणि साधनंही मोफत द्यायची आहेत. त्यासाठी दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि युडीआयडी कार्ड लागतं. शाळा उघडतात तेव्हा आपल्याकडे पऱ्हे टाकून झालेले असतात आणि रोवणी तोंडावर असते, घरात कुणाला फुरसत नसते. म्हणून बांधीत उतरायच्या आधी एक दिवस काढा. मुख्याध्यापकांना भेटा, पंचायत समितीच्या गट साधन केंद्रात समावेशित शिक्षण बघणाऱ्यांना भेटा आणि लेखी मागणी द्या: ब्रेल पाटी आणि कलम, टेलर फ्रेम, अबॅकस, भूमितीचा संच, गणिताचं ब्रेल पुस्तक. मागणीची पोच घ्या. फ्रेम हातात आली की टाइपची थैली तिथंच उघडून मोजा आणि जास्तीचे टाइप मागून घ्या, कारण ते हरवतात.